पूर्णेची माती, पहाडाचा आवाज

मी पत्रकं लिहिते. चार पानी, दोन पानी, कधी एकच पान, पाठीमागून कोरं, दुकानाच्या शटरवर चिकटवायला. पत्रकाला एक मथळा लागतो, एक मागणी लागते आणि एक आरोपी लागतो. यातलं एकही कमी पडलं तर लोक त्यात भजी बांधून नेतात. हे आधीच सांगते, कारण ज्या तोंडानं मी या तीन दिवसांच्या प्रवासाला निघाले त्या तोंडानं परत आले नाही, आणि ते का, हे पत्रकात मावत नाही.

परतवाड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव देत नाही. खदानीचं प्रकरण अजून कार्यालयात पडून आहे आणि गावानं मला तशी तंबी दिली आहे. गेल्या हिवाळ्यात तिथं जमिनीतून आवाज यायला लागले. खोल कुठंतरी सुरुंग उडावा तसा एक दणका, आणि पाठोपाठ मांडणीवरची भांडी वाजायची. गावाला लागून दगडाची खदान, तिथं रोज सुरुंग. मला आणखी काय पाहिजे होतं? पत्रकाआधी मी एकदाच गेले, दुपारभर बसले आणि लिहिलं : ‘सुरुंग बंद करा, गाव हादरतंय.’ मोर्चा निघाला, निवेदन गेलं, खदान तात्पुरती बंद झाली. माझ्या हातून घडलेला तो पहिला विजय. त्याची पुस्तिका काढायची ठरवली आणि तिच्यासाठी मला एका जाणकाराची दोन वाक्यं हवी होती : गावाच्या हादऱ्यांना खदान जबाबदार आहे.

अमरावतीला इंगोले सर आहेत. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आम्ही राहतो त्या कॉलनीत त्यांचा मुलगा राहतो, एवढीच ओळख. मी फोन केला तर म्हणाले, दोन वाक्यं देतो, पण आधी माझ्यासोबत तीन दिवस चल, अकोल्यापासून. मी म्हटलं, सर, गाव परतवाड्याकडे आहे, अकोल्यात काय आहे?

“गावाचा तळमजला आहे,” ते म्हणाले.

मला असली कोडी आवडत नाहीत. पण तिसऱ्या दिवशी गावात पाहणी होती. तहसीलचे साहेब येऊन खदान कायमची बंद ठेवायची की पुन्हा चालू करायची, यावर अहवाल देणार होते. सर सोबत असले तर आपली बाजू भक्कम, असा हिशोब करून मी निघाले.

अकोला, आणि पूर्णेचा काठ

मे महिन्यातला अकोला म्हणजे तोंडावर उघडलेली भट्टी. बसस्थानकावर पंखे आहेत, ते फिरत नाहीत, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. मी चौकशीच्या खिडकीत जाऊन ते बोलूनही आले. परत येईपर्यंत सरांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, उन्हाची लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून, अकोटच्या बसमध्ये माझ्यासाठी जागा धरली होती. “झालं का भांडून?” एवढंच विचारलं.

पूर्णेच्या पुलाआधी आम्ही उतरलो. नदीत पाण्याची एक बारीक ओळ होती. काठ मात्र दोन माणसं उंच, मातीचा, सुरीनं कापल्यासारखा उभा. दगड नावाला नाही. आम्ही वऱ्हाडातले लोक काळ्या जमिनीखाली काळा दगड असतो असं धरून चालतो, आणि इथं खणत जा, खणत जा, मातीच. मी तहान लागली म्हणून एका हापशावर बाटली भरली आणि मोठा घोट घेतला. मीठच. सगळा घोट ओढणीवर आला. हापशावरची बाई हसून म्हणाली, “नवीन हाय का व? हे पानी भांडे घासाचं. प्याचं टँकरनं येते.”

खारपाणपट्टा मी नकाशावर पाहिला होता, मोर्च्यातल्या घोषणेतही म्हटला होता. जिभेवर पहिल्यांदा घेतला.

सरांनी काठाच्या सावलीत बसून उत्तरेकडे बोट केलं. उन्हाच्या धुरकटात सातपुडा दिसत होता, भिंतीसारखा सरळ. ते म्हणाले, या भिंतीच्या पायथ्यानं जमिनीला फार जुनी भेग आहे. भेगेच्या पलीकडची बाजू वर राहिली, अलीकडची खाली बसली. ती बसलेली बशी पहाडाच्या आणि नद्यांच्या गाळानं भरत आली, तिच्यातच आपण बसलोय. पाण्याला बाहेर पडायला धड वाट नाही, म्हणून मीठ मागं राहतं. इथं समुद्र होता असं लोक सांगतात, त्याचा पुरावा मला तरी सापडला नाही.

“भेग अजून हलते का?” मी विचारलं.

“ते तुझ्या गावात विचारू.”

काठाच्या पुढच्या वळणावर एक ट्रॅक्टर उभा होता आणि तीन माणसं ट्रॉलीत पांढुरकी माती भरत होती. खारी माती. आमच्याकडच्या जुन्या घरांवर कौलं नसतात, सपाट छत असतं, त्याला धाबं म्हणतात : लाकडी सऱ्या, त्यावर फळ्या किंवा काड्या, आणि वर ही माती चोपून घट्ट बसवलेली. खारी माती पाणी खाली जाऊ देत नाही. पावसाळ्याआधी दरवर्षी तिचा नवा थर द्यायचा, जुना काढायचा नाही. अमरावतीला आमच्या घरी स्लॅब गळला की बाबा डांबराचा डबा आणतात. इथं नदी आणतात.

मी सहज चौकशी केली, माती कुठं चालली. ट्रॅक्टरवाल्यानं माझ्याच गावाचं नाव घेतलं. एवढ्या लांब? तर म्हणे, पहाडाकडे अशी माती मिळत नाही, जुनी माणसं इथूनच न्यायची. अन् यंदा मागणी फार. गेल्या हिवाळ्यात घरं हादरत होती तेव्हा लोक धाब्यावर चढायला भीत होते. आता खदान बंद झाली, हादरे बंद झाले, तर सारं गाव एकदमच थर टाकून राहिलं. “कोनी पोरगी आली होती म्हन्तात अमरावतीची,” तो म्हणाला, “तिनं बंद पाडली खदान. लय तेज हाय म्हन्तात.”

मी फुगले, खोटं कशाला बोलू. सरांकडे पाहिलं. ते ट्रॉलीकडे पाहत होते. खाली वाकून त्यांनी मातीचं एक ढेकूळ उचललं, तळहातावर वजन केल्यासारखं दोनदा खालीवर केलं आणि परत टाकलं. त्या दिवशी परतवाड्याला पोचेपर्यंत ते फारसे बोलले नाहीत. अंजनगावच्या पानमळ्यांजवळ बस बिघडून तासभर थांबली तेव्हासुद्धा.

परतवाडा

सकाळी जीपच्या अड्ड्यावर चहा. परतवाड्यात सागवानाचा वास आणि संत्र्याच्या रिकाम्या पेट्या सगळीकडे. काळीपिवळी जीप भरायला वेळ होता. हॉटेलवाल्यानं गिऱ्हाइकासाठी भिंतीशी एक जुनी बाज टाकली होती. मी सरांना सरळ विचारलं, दोन वाक्यं देणार की नाही?

त्यांनी मला बाजेवरून उठवलं, बाज भिंतीला टेकवली आणि मागच्या बाजूनं गुडघ्यानं रेटली. बाजेची एक बाजू मधोमध कधीतरी मोडून तिला लाकडाची पट्टी मारलेली होती. समोरचे पाय भिंतीवर घासले, पण करकर आवाज आला तो मधल्या पट्टीतून.

“आता पाहा. ही बाज म्हणजे आपला भूपट्ट,” ते म्हणाले. “पृथ्वीचं वरचं कवच असल्या मोठमोठ्या तुकड्यांचं आहे, आणि सगळे सरकतात. आपला उत्तरेकडे सरकतो, वर्षाला दोन-तीन बोटं. शेजाऱ्याशी बांधावर भांडण होते ना, तसं इथंही बांधावरच होते, अन् तीनच तऱ्हेनं. एकमेकांवर चाल करून गेले तर टक्कर. ही भिंत म्हणजे उत्तरेचा मोठा पट्ट, त्या टकरीत हिमालय उभा झाला. एकमेकांपासून दूर गेले तर मधे फट, तिच्यातून ताजा खडक वर येते. तो बांध तिकडे हिंदी महासागराच्या तळाशी. अन् अंगाला अंग घासत गेले तर घासाघीस. ते पश्चिमेला बलुचिस्तानाकडे. पूर्वेला सुमात्र्याकडेही टक्करच, पण तिथं समुद्राचा आपल्याकडचा तळ शेजाऱ्याखाली बुडते. कोणी रेटते, कोणी ओढते. पण भिंत सरकत नाही. मग रेटा कुठं जाते?”

हॉटेलवाला कपबशी हातात घेऊन ऐकत होता. तो म्हणाला, “पट्टीत जाते, सर. मी सांगतलं होतं सुताराले, खिळे कमी मारले.”

“हे घे. याला कळलं,” सर म्हणाले. “आपण बांधावर नाही. बांध हजार किलोमीटर दूर. पण आपल्या बाजेला नर्मदा-तापीच्या पट्ट्यात जुने सांधे आहेत. रेटा तिथं साचते, आणि सांधा थोडाथोडा सुटते. कधी पावसाचं पाणी खोल मुरलं की तेवढंही निमित्त पुरते. नक्की काय झालं हे छाती ठोकून सांगणारा भेटला तर मलाही भेटव. पण सुरुंगाला शिट्टी असते, ठरलेली वेळ असते. तुझ्या गावातले आवाज पहाटेही आले होते ना?”

आले होते. मला सांगितलं होतं. मी ते पत्रकात घेतलं नव्हतं.

मला राग आला. कशाचा, ते तेव्हा कळलं नाही. म्हटलं, म्हणजे सर, खदानवाला निर्दोष? म्हणजे दोषी कुणीच नाही? हिंदी महासागराच्या तळाशी मोर्चा न्यायचा का? जीपवाल्यानं हॉर्न दिला. सर बाज जागेवर ठेवत म्हणाले, “मला दोषी कोण याची चिंता नाही, प्रज्ञा. मला ट्रॉलीची चिंता आहे.”

ट्रॉलीचं काय, ते जीपमध्ये बसल्यावर माझ्या टाळक्यात शिरलं. किल्लारीला माणसं मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीनं. हे आम्ही शाळेत शिकलो होतो. आणि माझ्या पत्रकाच्या भरवशावर एक अख्खं गाव आपल्या डोक्यावर नदीचा काठ चढवत होतं.

गाव

गावात शिरताच माझं पत्रक दिसलं. प्रत्येक दुसऱ्या दारावर, उन्हानं पिवळं पडलेलं. आणि वर पाहिलं तर धाब्यांवर माणसं. बाया घमेल्यानं माती चढवत होत्या, गडी चोपण्यानं चोपत होते, धप् धप् आवाज गल्लीभर. लोकांनी वरूनच हाका मारल्या. “आली व, प्रज्ञाताई आली.” मी हात हलवला.

आम्ही कमलकाकूंकडे उतरलो. मोर्च्याच्या सगळ्या सह्या त्यांनीच दारोदार जाऊन घेतल्या होत्या. नवरा परतवाड्याच्या आरागिरणीवर, रविवारी येतो. घरात त्या, त्यांची आठवीतली मुलगी आणि सासरे रामरावजी. रामरावजी सगळ्या गावाचे धाबं घालणारे. पस्तीस वर्षं त्यांच्या हाताशिवाय इथं धाबं झालं नाही. तीन वर्षांपूर्वी असल्याच एका धाब्यावरून पडले, कमरेखालचं गेलं. तेव्हापासून आतल्या खोलीत बाजेवर असतात, स्वतः घातलेल्या छताखाली. त्यांना उचलून बाहेर आणायला तीन माणसं लागतात, आणि दिवसा घरात कमलकाकू एकट्या.

दुपारी जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल घातलेला ठेचा. अमरावतीला आम्ही अंबाडीत साखर टाकायला लागलो आहोत. इथं तसं काही नाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत आंबट. मी दुसरी भाकरी मोडली आणि तो आवाज आला.

सांगता येणार नाही असा. कानानं कमी, मांडीनं जास्त ऐकला. खालून कुणीतरी एकदाच ठोसा मारावा तसा. मांडणीवरचे गिलास किणकिणले. छतातून मातीची एक बारीक धार निघाली आणि माझ्या भाजीत पडली.

कमलकाकू भाकरी थापत राहिल्या. हात क्षणभरसुद्धा थांबला नाही. मी विचारलं, काकू, काय होतं हे? त्या म्हणाल्या, “ट्रॅक्टर असन.” बाहेर धाब्यांवरची धप् धप् थांबली होती. मग एकाएकी सगळीकडून पुन्हा सुरू झाली, जरा जास्तच जोरात.

तेव्हा मला दिसलं. हिवाळ्यात मीच त्यांना सांगितलं होतं, आवाज आला की भिंतीवर कोळशानं रेघ मारा, पुरावा होईल. चुलीजवळच्या त्या भिंतीला आता पांढऱ्या मातीचा नवा हात दिलेला होता. कोरी. पण धान्याची कोठी आता त्याच भिंतीपुढे होती, मधे वीतभर जागा सोडून. मी उठले, ताटावरून उठू नये म्हणतात तरी उठले, आणि कोठीमागं वाकून पाहिलं. तेवढा तुकडा सारवलेला नव्हता. रेघा. खदान बंद झाली त्या दिवशी मीच तिथं आडवी रेघ मारून खाली ‘विजय’ लिहिलं होतं. तिच्याखाली रेघाच रेघा.

“काकू.”

कमलकाकूंनी तवा उतरवला. सासऱ्यांच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि हळू आवाजात बोलल्या.

“बंद कुठी झाला वो तो? खदान बंद झाली, आवाज नाई झाला. पन मी कोनाले सांगू? पारावर ठरलं. साहेब येईपर्यंत कोनी आवाजाचं नाव काढाचं नाई, अन् दरसालासारखं धाबं भराचं. नाई भरलं त साहेब इचारन, काहून नाई भरलं. मंग खदानवाला म्हनन, पाय, मी बंद हावो तरी हालते, माहा काय दोष? अन् मशीन चालू.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “खदान चालू होती तवा माही पोरगी धुळीनं रातभर खोकलत होती. आता झोपते. तू सांग, मी काय सांगाले पाहिजे होतं?”

माझं पत्रक खोटं पडू नये म्हणून एक गाव रोज खोटं बोलत होतं. आणि ते खोटं खरं दिसावं म्हणून डोक्यावर मातीचा थर वाढवत होतं.

आतून रामरावजींनी हाक दिली. आम्ही आत गेलो. सरांनी विचारलं, वर माती किती असेल? रामरावजींनी कोपरापासून बोटापर्यंत हात दाखवला. “हात-दीड हात. यंदाची धरून नाई. यंदा मी नाई म्हनलो होतो. पन बुढ्याचं कोन आयकते?” मग माझ्याकडे वळून, “तूच का ते पत्रकवाली?”

हो म्हटलं.

“मी बाजीवर पडल्या पडल्या वाचलं तुहं पत्रक. चांगलं हाय. फक्त एक गोष्ट लिवाची राहिली. सुरुंगाचा दनका कानातून येते. हा पाठीतून येते.” ते जरासे हसले. “माहे पाय गेले, पाठ हाय अजून.”

संध्याकाळी उजेड असतानाच मी पारावर गेले. सरपंच होते, आणखी पाच-सहा जण. मी म्हटलं, उद्या साहेबांना खरं सांगू. खदानीविरुद्ध खऱ्या गोष्टी कमी आहेत का? शाळेच्या भिंतीपासून ती किती जवळ आहे, संत्र्याच्या पानांवर धूळ बसून बहर गळतो, दोन विहिरी आटल्या. हे सगळं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी लिहिलं नाही, कारण धुळीवरचं पत्रक कुणी वाचत नाही. हादरा म्हटलं की लोक थांबतात. मला मथळा पाहिजे होता.

सरपंच शांतपणे तंबाखू मळत होते. “ताई, तुमी लिवलं, आमी सही केली. आता तुमीच खोडता. तुमी परवा अमरावतीले जासान. धूळ आमी खाऊ.”

दुसरा एक जण म्हणाला, सर बुद्धी देत असतील. सर पाराच्या कडेला बसून होते. मी आशेनं पाहिलं. तेवढ्यात ते म्हणाले, “मी काही बोलत नाही. पत्रक तिचं आहे.” तेव्हा त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. आता वाटतं, दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतंच.

पाहणीचा दिवस

साहेब दहाला येणार होते, साडेअकराला आले. सोबत खदानीचा मॅनेजर, इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची थंड बाटली. पारावर सतरंजी टाकलेली. पुरुष समोर, बाया मागं निंबाच्या सावलीत. साहेबांनी कागद उघडला आणि विचारलं, खदान बंद झाल्यापासून आवाज, हादरे, काही जाणवतं का?

मग सरपंच म्हणाले, “नाई साहेब. शांत हाय.” मागून दोघंचौघं म्हणाले, नाई, नाई. साहेब लिहायला लागले. मॅनेजरनं बाटलीतलं पाणी प्यायलं. त्याच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, आणि मला वाटलं, आवाज अजून येतात हे याला माहीत आहे.

मी बायांत पाहिलं. कमलकाकू आणि आणखी दोघीतिघी मघापर्यंत होत्या, आता नव्हत्या.

मी सभांमध्ये बोललेली मुलगी आहे. माइक हातात आला की सुटत नाही. त्या दिवशी माइक नव्हता, मी नुसती उभी राहिले. म्हटलं, साहेब, हे पत्रक मी लिहिलं. ते चूक आहे. आवाज अजून येतात. काल दुपारी आला, मी स्वतः ऐकला. खदानीमुळे ते येतात असं मी लिहिलं, त्याला माझ्याकडे पुरावा नव्हता.

सतरंजीवर एक सुस्कारा फिरला. कुणीतरी म्हणालं, “घ्या.” कुणीतरी, “अमरावतीची तेज पोरगी.” मॅनेजर पुढे झुकून म्हणाला, म्हणजे मॅडम, आमचा संबंध नाही हे तुम्हीच म्हणता. लिहून घ्या साहेब.

“हादऱ्यांशी नाही,” मी म्हटलं. “धुळीशी आहे, विहिरींशी आहे, शाळेशी आहे. तेही लिहून घ्या. आणि जमीन आधीच हलत असताना भेगाळलेल्या भिंतींशेजारी सुरुंग उडवायचे का, हा प्रश्न लिहून घ्या.” मग मी गावाकडे तोंड करून बाजेची गोष्ट सांगितली. भिंत, रेटा, मधली पट्टी. सरांसारखी नाही जमली, दोनदा अडखळले. म्हटलं, पट्टी आपल्या हातात नाही. छतावरची माती आहे.

साहेब म्हणाले, हे सगळं लेखी द्या, गावाच्या सह्यांनिशी. कागद नव्हता. पिशवीत जुन्या पत्रकांचा गठ्ठा होता, त्यातलं एक उलटं करून कोऱ्या बाजूवर मी लिहिलं, आणि खाली पहिली सही माझी केली. पुढं धरलं. सरपंचांनी हात पुढे केला नाही. कुणीच केला नाही. कागद माझ्या हातात वाऱ्यानं फडफडत राहिला.

आणि मग गल्लीतून आवाज आला. भद्. थोड्या वेळानं पुन्हा भद्. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, सगळ्यांचे हात नकळत सतरंजीवर टेकले. यांना म्हणे काही जाणवत नव्हतं.

जमिनीचा नव्हता तो. कमलकाकूंच्या धाब्यावरून माती खाली पडत होती. कमलकाकू वर, पदर खोचलेला, हातात फावडं. खाली अंगणात, झाडाच्या सावलीत रामरावजींची बाज. तीन बायांनी ती बाहेर काढली होती, म्हणून निंबाखालच्या बाया कमी झाल्या होत्या. रामरावजी उताणे पडून, डोळ्यांवर हात धरून वर ओरडत होते : “एका अंगानं नोको ओढू. सरी फिरन. मधातून. मधातून दोयी बाजूनं.”

साहेब पारावरून उठून पाहायला आले. “हे काय चाललंय? पावसाळा तोंडावर आहे, आणि धाबं उतरवते ही?”

प्रश्न सरपंचांना होता. सरपंचांनी वर पाहिलं, मग रामरावजींकडे. त्यांच्या स्वतःच्या घराचं धाबंही रामरावजींच्याच हातचं होतं. तोंडातली तंबाखू त्यांनी बाजूला जाऊन थुंकली.

“हालते साहेब,” ते म्हणाले. “म्हून उतरवते.”

मग माझ्याकडे न पाहता कागदासाठी हात पुढे केला.

परत आल्यावर

सगळ्यांनी सही केली असं समजू नका. निम्म्यांनी केली नाही. दोन घरांनी त्याच संध्याकाळी माझं पत्रक दारावरून फाडलं. जीपमध्ये बसले तेव्हा निरोप द्यायला चारच माणसं होती. मोर्च्याच्या वेळी अख्खं गाव आलं होतं. खदान आज तरी बंद आहे. उद्याचं माहीत नाही, अहवाल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायला मी दर आठवड्याला जाते आणि तिथल्या पंख्याखाली उभी राहून भांडते. पुस्तिका काढली नाही. सरांनी मात्र दोन वाक्यं लिहून पाठवली, मी मागितली नव्हती तरी : ‘जमीन हलणार. घर हलकं करा.’ हेच आता पत्रक आहे. यात आरोपी नाही, म्हणून लोक फारसं वाचत नाहीत. मी वाटतेच.

परवा पाऊस झाला तेव्हा कमलकाकूंना फोन केला. भीत भीतच. धाब्यावर आता चार बोटं माती आणि त्यावर ताडपत्री. म्हणाल्या, तीन ठिकाणी गळून राहिलं, घरातली सगळी भांडी खाली मांडली. मामाजी, म्हणजे सासरे, शिव्या देतात, पस्तीस वर्षांत माह्या धाब्यातून थेंब नाही पडला म्हणतात. मी विचारलं, मला देतात का?

“तुले काहून देईन? मले देते.” मग म्हणाल्या, “पन झोपते आता बुढा. आधी रातभर वर पायत राहे.”

आवाज येतो का, विचारलं. येतो म्हणाल्या. रेघा मारणं चालूच आहे. मी म्हटलं, कोठीमागं?

“तिथं कायले? दारावर तुहं पत्रक होतं ना. ते उलटं करून चिकटोलं. मांगून कोरंच होतं. आता येता-जाता सारे पायतात.”